पंपाच्या मॅन्युअलवरून एपीआयच्या डॉक्युमेंटेशनवर : फ्रीलान्स काम मी कसं सुरू केलं, तुम्ही कसं कराल

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका पंप कंपनीत मी नऊ वर्षं मॅन्युअल लिहिली. बसवणी, देखभाल, सुट्या भागांची यादी, वॉरंटीचं पान. आता राजारामपुरीत घरी बसून सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी डेव्हलपर डॉक्युमेंटेशन लिहिते, म्हणजे अमुक एपीआय (एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याकडून माहिती मागवायची ठरलेली सोय) आपल्या प्रोग्रॅममध्ये कसा जोडायचा ते प्रोग्रामरना सांगणारी पानं. टेक्निकल रायटिंगमधल्या मैत्रिणी फोन करतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "तुला कुठं कोडिंग येतंय? मग जमतं कसं?" फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते.

सुरुवात पंपापासूनच करावी लागेल.

पहिल्याच वर्षी मी ग्लँड पॅकिंग, म्हणजे पंपाच्या दांड्यावरच्या स्लीव्हभोवती गळती रोखायला बसवतात त्या रिंगा, बदलायची कृती लिहिली होती. डिझाइन खात्याच्या कागदावरून उतरवलेली, इंग्रजी एकदम स्वच्छ. शेवटची पायरी अशी : गळती पूर्ण थांबेपर्यंत ग्लँडचे नट आवळा. शॉपवर एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. त्यांच्या हातात कागद दिला आणि शेजारी उभी राहिले. मामांनी पॅकिंगच्या रिंगा एकेक करून घातल्या, सांधे एकाखाली एक येणार नाहीत असे फिरवून घातले (हे माझ्या कागदात नव्हतंच), नट हातानं बसवले, पंप चालू केला, पान्यानं थोडं थोडं आवळलं आणि थांबले. पाणी ठिबकतच होतं.

"मामा, अजून गळतंय की."

"ताई, थेंब पडायलाच पायजे. थेंब बंद केलासा की पॅकिंग जळतंय आन् स्लीव्ह खातंय. कुणी लिवलंय हे?"

मीच लिहिलं होतं. कागदावर तीन साहेबांच्या सह्या होत्या.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. कृती करून बघताना, किंवा दुसऱ्याला करताना बघताना, जिथं हात थांबतो ती जागा वहीत. आज माझं जे काही पोट चालतं ते या वहीवर. एपीआयच्या पानांवरही तीन-तीन सह्या झालेल्या असतात, आणि तिथंही थेंबाचं कुणी लिहिलेलं नसतं.

आधी शिकायचं काय

२०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता बंद झाला. कंपनीला जाता येईना. त्या दिवसांत मी गिट (फायलींमधल्या बदलांचा हिशोब ठेवणारा प्रोग्रॅम) शिकायला बसले. बसले म्हणजे, लाइट असेल तेवढा वेळ.

अख्खं प्रोग्रामिंग शिकून मग या कामात उतरू म्हणाल तर कधीच उतरणार नाही. माझा क्रम असा होता : टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) फोल्डर बदलता येणं, गिटवर ब्रँच (बदल करायला घेतलेली वेगळी प्रत) काढून बदल पाठवता येणं, मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी) लिहिणं, एचटीटीपी म्हणजे इंटरनेटवरची विनंती-उत्तराची भाषा, जेसन (माहिती लिहायची ठरलेली मांडणी) वाचता येणं, आणि शेवटी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतला वीस ओळींचा नमुना चालवून त्यात कुठं काय चाललंय ते सांगता येणं. रोज सकाळी कंपनीच्या बसआधी दीड तास, असे चार महिने गेले. मार्कडाउनला एक दुपार पुरते. गिटला महिना द्या, कारण ते हाताला बसावं लागतं.

एचटीटीपीमध्ये मात्र रेंगाळा. विनंती फसली की सर्व्हर उत्तरात एक क्रमांक देतो. त्यातल्या ४०१ आणि ४०३ मधला फरक मला कंपनीच्या गेटवरून समजला. ओळखपत्र घरी विसरलं तर वॉचमन गेटवरच अडवतो : तुम्ही कोण ते मला कळेना. हा ४०१. टोकन, म्हणजे एपीआयला दाखवायचं ओळखपत्र, पाठवलंच नाही, चुकीचं पाठवलं किंवा त्याची मुदत संपली. ओळखपत्र आहे, आत सोडलं, पण टूल रूमच्या दारात कुणी म्हणालं, "मॅडम, तुम्हाला इथं परवानगी नाही." हा ४०३. पहिल्यावर उपाय नवं टोकन, दुसऱ्यावर उपाय ॲडमिनकडून परवानगी. किती तरी कंपन्यांच्या पानावर ४०१ पुढे नुसतं "विनंती अनधिकृत आहे" असं लिहिलेलं असतं. बरं मग? रात्री एक वाजता ते वाचणाऱ्या पोरानं काय करायचं? आणि ४२९ दिसला, म्हणजे तुम्ही फार भराभर विचारताय, तर किती सेकंद थांबायचं हे उत्तरातला रिट्राय-आफ्टर हा हेडर (उत्तरासोबत येणारी माहितीची ओळ) सांगू शकतो. सर्व्हर तो पाठवतो का, हे एक वाक्य पानावर असलं की बऱ्याच जणांचा त्रास वाचतो.

ओपनएपीआय नावाची एक ठरलेली मांडणी असते. एपीआयचे सगळे दरवाजे, म्हणजे एंडपॉइंट, त्यांना लागणारे पॅरामीटर (विनंतीसोबत द्यायची माहिती), मिळणारी उत्तरं, हे सगळं एका यामल (जेसनसारखीच दुसरी मांडणी) किंवा जेसन फाइलमध्ये. त्यावरून संदर्भाची पानं आपोआप तयार होतात. आपलं काम त्या फाइलमधली वर्णनं माणसाला कळतील अशी करणं. यामलमध्ये ओळी आत सरकवताना टॅब चालत नाही, स्पेसच द्यायच्या. हे माहीत नसल्यानं माझा एक रविवार वाया गेला.

मॅन्युअल लिहिणाऱ्यांना एक सोय आहे ती कुणी सांगत नाही. दानियेले प्रोचिदा यांची डायटॅक्सिस नावाची पद्धत या क्षेत्रात बरेच जण वापरतात. ती डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार करते : शिकवणारा धडा, काम उरकायची कृती, संदर्भ आणि समजावणं. मी वाचलं आणि हसले. नव्या ऑपरेटरला हात धरून शिकवायचा कागद, पॅकिंग बदलायची कृती, सुट्या भागांची यादी, आणि "पंपाचं कार्य कसं चालतं" हे कुणी न वाचणारं प्रकरण! आम्ही हे वेगवेगळं ठेवतच होतो. सॉफ्टवेअरवाले चारही एका पानात कालवतात. पहिल्या आठवड्यात नुसतं ते सोडवून दिलंत तरी ग्राहकाला फरक दिसतो.

इंग्रजीची भीती बहुतेकींना असते, मलाही होती. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्या लेखनाच्या नियमावल्या फुकट वाचता येतात. सार काय, तर वाक्य छोटं, वर्तमानकाळ, "तुम्ही" म्हणून बोलणं, एका पायरीत एकच काम. आम्ही कोल्हापूरच्या पोरी "मी येतो, मी जातो" म्हणत वाढलेल्या, पुण्यात त्यावर लोक हसले. माझ्या इंग्रजीवर अजून कुणी हसलेलं नाही.

नमुना म्हणून काय दाखवायचं

तीनशे पानी मॅन्युअलची पीडीएफ पाठवू नका. एक तर ती कंपनीच्या मालकीची असते, गुप्ततेच्या कागदावर तुमची सही असते. दुसरं म्हणजे डेव्हलपर ती उघडत नाही.

ओपन सोर्समधला (कोड सगळ्यांना खुला असलेला) एखादा लहान प्रकल्प घ्या, ज्याचा तुम्हाला स्वतःला काही उपयोग आहे असा. कोऱ्या संगणकावर, किंवा निदान नव्या फोल्डरमध्ये, त्यांच्या सूचनांप्रमाणे तो अक्षरशः बसवून बघा. अक्षरशः म्हणजे, मध्येच "हे तर कळतंच की" म्हणून पायरी गाळायची नाही. जिथं अडाल ते वहीत. अडलेल्या जागांपैकी एकच निवडा आणि तेवढीच सुधारून पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्या अशी विनंती) पाठवा. त्याआधी त्यांची योगदानाची नियमांची फाइल वाचा आणि इश्यूमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रश्न-तक्रारींच्या पानावर, विचारा की हे चालेल का.

मी पहिल्यांदा हे काहीच केलं नाही. उत्साहाच्या भरात चाळीस फायलींमधली वाक्यरचना बदलून पाठवली. मेंटेनरनं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यानं, अगदी गोड शब्दांत ती बंद केली. बरोबरच होतं, फुकट काम करणाऱ्या माणसानं चाळीस फायली तपासायच्या कधी? दुसऱ्या वेळी दोन ओळी पाठवल्या : विंडोजवर ही आज्ञा चालत नाही, त्याऐवजी ही द्या. त्याच दिवशी मर्ज झाली, म्हणजे मूळ प्रकल्पात घेतली गेली. अशा पाच-सहा मर्ज झालेल्या छोट्या दुरुस्त्या आणि एक "आधीचं पान, नंतरचं पान" अशी जोडी, एवढा नमुना मला पुरला.

यात एक माती मी खाल्ली ती सांगून ठेवते. उदाहरण चालतंय का बघायला त्यात माझी खरी एपीआय की (खात्याची गुप्त किल्ली) टाकली होती, ती तशीच उघड्या रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या फायली ठेवायच्या जागेत) गेली. घाईघाईनं पुढच्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात) पुसली आणि सुटले म्हणून चहा प्यायले. गिट जुनं सगळं इतिहासात ठेवतं, तिथं ती की कुणालाही दिसते. अशा वेळी की रद्द करून नवी काढायची, तीही आधी, पुसापुशी नंतर. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नमुन्यात "तुमची_की_इथे" असंच असतं.

पहिलं काम

"मला टेक्निकल रायटिंगचा नऊ वर्षांचा अनुभव आहे" अशी वीस पत्रं मी पाठवली. एकाचंही उत्तर नाही. एकविसावं पत्र वेगळं होतं, ते कसं झालं ते सविस्तर सांगते.

लंडनच्या एका छोट्या कंपनीचा ऑर्डरींच्या नोंदी देणारा एपीआय होता, चाचणीसाठी खातं फुकट मिळायचं. २०२२ चा फेब्रुवारी. त्यात "अमुक वेळेनंतरच्या ऑर्डरी द्या" असा एक पॅरामीटर होता. त्यांच्या उदाहरणात वेळेच्या शेवटी झेड हे अक्षर, म्हणजे यूटीसी, जगभरची संदर्भाची वेळ. मी म्हटलं आपण आपली वेळ घालू, म्हणून शेवटी +०५:३० (यूटीसीच्या साडेपाच तास पुढे) लिहिलं. उत्तर आलं ४०० : तारीख अवैध. तारीख पुन्हा पुन्हा तपासली, तारीख आणि वेळ यांच्यामधलं टी हे अक्षर मोठं केलं, सेकंद काढून बघितले. तासभर गेला. मग त्या चुकीच्या संदेशात त्यांनी माझीच तारीख परत छापली होती ती नीट वाचली, तर सेकंदांच्या पुढे अधिकचं चिन्ह नव्हतंच. तिथं रिकामी जागा होती.

भानगड अशी की पत्त्यामध्ये प्रश्नचिन्हानंतर जो भाग येतो, त्यातलं अधिकचं चिन्ह पुष्कळ सर्व्हर स्पेस म्हणून वाचतात. ते खरोखरचं अधिक हवं असेल तर त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह, मग दोनचा आकडा आणि बी, अशी तीन चिन्हं पाठवावी लागतात. लंडनच्या पोरांना हे कधी दिसलंच नसणार. हिवाळ्यात त्यांची वेळ आणि यूटीसी एकच, आणि उदाहरणात सगळीकडे झेड. पण भारतातला कुणीही आपली वेळ घालून विचारायला गेला की आपटणार.

मी त्यांना लिहिलं ते इतकंच : तुमच्या क्विकस्टार्टमधल्या (सुरुवात कशी करायची त्या पानावरच्या) चौथ्या पायरीला मी हे पाठवलं, हे उत्तर आलं, कारण हे आहे, आणि पानावर खालील दोन वाक्यं घातली तर पुढचा माणूस अडणार नाही. शेवटी एक ओळ : अशा आणखी अकरा जागा मी टिपल्या आहेत, हव्या असतील तर सगळ्या पानांची तपासणी करून देईन. अकरा जागा पत्रात लिहिल्या नाहीत. एक मोफत, बाकीच्यांचे पैसे.

दोन दिवसांनी उत्तर आलं. चौदा एंडपॉइंटची तपासणी, बावीस हजार रुपये. नोकरी सांभाळून रात्री बसले, सोळा दिवस लागले. ताशी हिशोब केला तर मामांचा ओव्हरटाइम जास्त निघाला. पण त्या तपासणीतून दुरुस्तीचं काम मिळालं, आणि तिथल्याच एका डेव्हलपरनं कंपनी बदलल्यावर नव्या जागी माझं नाव सांगितलं. माझी बरीचशी कामं अशी, माणसं नोकऱ्या बदलतात त्यातून आलेली आहेत. म्हणून कंपनीशी गोड बोलायचंच, पण प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या त्या एका डेव्हलपरचा वेळ वाया घालवायचा नाही. प्रश्न साठवून दिवसातून एकदाच पाठवा, सोबत आपण काय काय करून बघितलं तेही.

राजीनामा लगेच देऊ नका. दोन ग्राहक आणि आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्यावर मी दिला. शेवटच्या दिवशी मामांनी विचारलं, आता कुठल्या मशीनचं लिवणार? म्हटलं, मशीन दिसत नाही मामा, विचारलं की उत्तर देतंय नुसतं. मामा म्हणाले, "मग थेंब कुठनं पडतोय ते कसं बघनार?" मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं.

दर आणि बोली

शब्दावर दर लावू नका. त्या अधिकच्या चिन्हाची दोन वाक्यं लिहायला तास गेला होता, शब्दांवर त्याचे किती रुपये झाले असते? मी एंडपॉइंट मोजते. चालतं सँडबॉक्स (करून बघायची चाचणीची जागा) मिळालं तर साध्या एंडपॉइंटला अर्धा दिवस, वेबहुक (काही घडलं की एपीआयनंच आपल्याला कळवणं) किंवा पैशांचा व्यवहार असेल तर दीड ते दोन दिवस. बेरजेवर तीस टक्के चढवते, कारण एपीआय मध्येच बदलतो. सँडबॉक्स नसेल तर आकडाच सांगत नाही. करून बघता येणार नसेल तर मी परत "गळती थांबेपर्यंत आवळा" असंच काहीतरी लिहीन.

करारात चार गोष्टी घालून घ्या. चाचणीचं टोकन पहिल्या दिवशी मिळेल. प्रश्नांना उत्तर देणारा माणूस एकच आणि नावानिशी. तपासणीच्या फेऱ्या दोन. आणि काम संपलं म्हणजे काय : माझ्या वाक्यात, "प्रत्येक नमुना मी स्वतः चालवलेला असेल आणि पान मर्ज झालेलं असेल." हे नसलं की काम संपतच नाही, कुणीतरी उपाध्यक्ष तिसऱ्या महिन्यात येऊन स्वल्पविराम बदलतो.

वेळेचं थोडक्यात. युरोपातल्या लोकांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात, आपली नाही. लंडन आपल्या मागे उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. त्या दोन आठवड्यांत मीटिंगची वेळ एकदा विचारून घ्या.

आता सगळे एआयचं विचारतात. मी वापरते, वाक्य आखूड करायला आणि व्याकरणाला बरं पडतं. पण त्यानं मला एकदा इतकं सुबक पान लिहून दिलं की त्यातला एक पॅरामीटर त्या एपीआयमध्ये अस्तित्वातच नव्हता, हे चालवून बघितल्यावरच कळलं. नुसतं लिहून देणाऱ्याचं काम अवघड झालंय, यात शंका नाही. चालवून बघणाऱ्याला मला तरी अजून विचारणा येते.

पैसे हातात येईपर्यंत

इथं सी.ए. लागतोच, पण त्याच्याकडे जाताना एवढं माहीत असू द्या. परदेशातून पैसे आले की बँक पर्पज कोड (पैसे कशासाठी आले त्याचा ठरलेला क्रमांक) विचारते, आणि पैसे बाहेरून आल्याचा दाखला देते. तो प्रत्येक बिलासोबत जपून ठेवा. अमेरिकन ग्राहक डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागेल, आपण अमेरिकेचे नागरिक किंवा करदाते रहिवासी नाही असं सांगणारा. घाबरायचं कारण नाही. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते. नोंदणी असेल तर परदेशी कामावर कर न भरता बिल करण्यासाठी एलयूटी नावाचं हमीपत्र द्यावं लागतं, आणि ते दर आर्थिक वर्षाला नव्यानं. भारतीय ग्राहक बिलातून टीडीएस, म्हणजे आपल्या नावावर भरायचा आयकर, कापतो. कापलेला आयकर खात्याच्या साइटवर आपल्या नावावर दिसतो का ते वर्षातून दोनदा बघा, कापून न भरणारे असतात.

परदेशी ग्राहकांनी मला कधी रडवलं नाही. रडवलं ते आपल्याकडच्याच एका कंपनीनं. पानं लाइव्ह, त्यांचे ग्राहक ती वापरतायत, आणि माझं बिल "प्रोसेसमध्ये". चार महिने. उद्यमनगरात वडिलांच्या मित्रांचं कास्टिंगचं वर्कशॉप आहे, त्या काकांकडे सहज बोलले तर ते म्हणाले, "उद्यम नोंदणी केलीस का? नाही? मग आधी ती कर, फुकट आहे." ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. सरकारी पोर्टलवर खरंच एक पैसा लागत नाही, पैसे मागणाऱ्या साइट दिसल्या तर ती सरकारी नाही असं समजा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. काम घेण्याआधीच नोंदणी केलेली असावी, त्यामुळे त्या बिलाला तिचा आधार मला घेता आला नाही, ते फोन करकरूनच वसूल केलं.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीनं पुन्हा बोलावलं. गेले. बिलावर उद्यम क्रमांक छापला, आणि साठ टक्के आगाऊ खात्यावर जमा झाल्यावरच त्यांचं टोकन उघडलं.